अलंकार कोणासाठी?

देवाच्या मूर्तीस अलंकार चढविले जातात तेव्हा अनेक मंदिरांत गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असतो. पुजारी देवाकडे तोंड करून एकेक दागिना यथास्थानी बसवितो, वस्त्राची निरी सारखी करतो, फुलांचा भार एका बाजूस झुकला तर सावरतो. पडदा दूर होऊन आपणांस दर्शन घडते ते यानंतर. या क्रमात अलंकाराविषयीचा एक जुना विचार सामावलेला आहे. ज्याला सजवावयाचे त्याची सेवा आधी. पाहणाऱ्याचा आनंद मागाहून, प्रसादासारखा. हा विचार देवघराच्या उंबरठ्याबाहेर, दिवाणखान्यातील एका लहानशा वस्तूपर्यंत नेऊन पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती वस्तू म्हणजे घरातील माशांच्या काचपेटीत ठेवण्यासाठी हाताने फुंकून केलेली काचेची शोभेची नक्षी. कोठे काचेचे पोवळे, कोठे समुद्रफूल, कोठे रंगीत बुडबुड्यांचा घोस, कोठे पाण्यावर तरंगणारा पोकळ गोळा. अशा वस्तूचे मोल केवळ पैशात होत नाही. वाळू, सोडा आणि चुना यांचा प्रखर आचेवर रस होतो. कारागीर तो लोखंडी फुंकणीच्या टोकावर उचलतो, फिरवितो, आणि स्वतःच्या श्वासाने त्याला पोकळ आकार देतो. लहान नाजूक काम असेल तर काचेच्या कांड्या ज्योतीवर मऊ करून चिमट्याने ओढल्या जातात. वस्तू तयार झाली तरी काम संपत नाही. तिला भट्टीत सावकाश निववावे लागते. घाईने थंड केलेल्या काचेत ताण राहून ती पुढे केव्हातरी आपोआप तडकते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर काच फुंकण्याची विद्या प्रथम निघाली. महाराष्ट्रात लोकांच्या पैपैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने 1908 साली तळेगाव येथे काच कारखाना काढला, आणि 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. प्रभाकर कंदिलाची काच ज्यांच्या घरात उजळली, त्या पिढीला काच ही परकी वस्तू नव्हती.

काच आणि जलचर यांची जोडी मात्र त्यामानाने नवी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये माशांसाठी काचेच्या पेट्यांचे दालन उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाहता पाहता इंग्लंडात घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले. लोक समुद्रकाठी जात, खडकांतील डबक्यांतून जिवंत समुद्रफुले खरवडून आणीत, आणि ती घरी चार दिवसांत मरत. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 सालच्या आपल्या आत्मकथनात या लुटीबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्या डबक्यांचे सौंदर्य आपल्या वडिलांनी जगाला दाखविले तीच त्यामुळे उजाड झाली, याची खंत त्या लेखनात दिसते. प्रेमातूनही नाश होतो, हे सांगणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

याच सुमारास जर्मनीतील ड्रेस्डेन येथे लिओपोल्ड ब्लाश्का नावाचा काचकारागीर होता. समुद्रफुले, जेलीमासे, मऊ अंगाचे इतर जीव मद्यार्कात ठेवले की त्यांचा रंग उडतो आणि आकार गोळा होतो. त्यामुळे संग्रहालयांची मोठी अडचण होत असे. 1863 मध्ये तेथील संग्रहालयाच्या संचालकाने ब्लाश्काकडून काचेची समुद्रफुले करवून घेतली. त्यांच्यासाठी नमुना म्हणून वापरली गेली ती गॉसच्याच पुस्तकातील चित्रे. पुढे लिओपोल्ड आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ यांनी ज्योतीवर घडविलेले सागरी जीव जगभरच्या विद्यापीठांत गेले. खऱ्या जीवाला न तोडता त्याचे रूप डोळ्यांपुढे ठेवावयाचे, हे काम काचेने केले.

म्हणून काचेच्या या नक्षीकडे प्रथम कृतज्ञतेने पाहावयास हवे. आपल्याकडे एके काळी काचपेटीत खऱ्या पोवळ्याचा तुकडा ठेवणे हौसेचे लक्षण समजले जाई. पोवळे हा दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले ते घर असते, आणि त्याच्या खोबणींत माशांची पिले वाढतात. 2001 साली भारत सरकारने प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली जाऊन ज्यांनी जिवंत प्रवाळ पाहिले असेल, त्यांना या संरक्षणाचे कारण वेगळे सांगावयास नको. तेव्हा समुद्राचे घर मोडून आणलेल्या तुकड्याऐवजी कोणी कारागिराच्या श्वासातून उतरलेले काचेचे पोवळे घेत असेल, तर त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही आणि एका हस्तकलेला आधार मिळतो. काच पाण्यात विरघळत नाही. शिंपले आणि चुनखडक यांच्याप्रमाणे पाण्याचा गुणधर्मही बदलीत नाही. इथवर अलंकार निर्दोष आहे.

परंतु पेटीत कोणी राहत असते. तिच्या आत डोकावले म्हणजे प्रश्न बदलतो. अडीच किलो भरीव काच सुमारे एक लिटर पाणी बाजूस सारते. चाळीस लिटरांच्या पेटीत दहा किलोंची आरास मांडली की माशांच्या वाट्याचे चार लिटर पाणी, म्हणजे दहावा हिस्सा, आपल्या हौसेने घेतला. पोकळ वस्तूचे तोंड अरुंद असेल तर लहान मासा आत शिरतो आणि त्याला परत फिरता येत नाही. आतले पाणी साचून नासते ते वेगळेच. ज्या तुकड्याची कड घासून गोल केलेली नाही ती खवले सोलते. चकचकीत पृष्ठभागात स्वतःचे प्रतिबिंब पाहून बेटा जातीचा नर समोर शत्रू उभा आहे असे समजतो, कल्ले फुलवितो, पर पसरतो. पाहुणे म्हणतात, ‘किती सुंदर!’ त्या सौंदर्याचे दुसरे नाव क्रोध किंवा भय असे आहे. रोम नगरीने 2005 मध्ये गोल काचपात्रात मासा ठेवण्यास मनाई केली, तेव्हा पुष्कळांना हसू आले. बाजारात सहज मिळणारा सोनमासा नीट वाढला तर वीतभर किंवा त्याहून लांब होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या मनाईत हसण्याजोगे काही दिसणार नाही.

येथे एक आक्षेप सरळ समोर घ्यावयास हवा. कोकण-गोव्याकडील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सोमवार, एकादशी आणि श्रावण वगळता मासळीवाचून जेवण होत नाही. सकाळी ज्याची नुस्त्याची पिशवी बाजारातून भरून येते, त्याने संध्याकाळी दिवाणखान्यातील दोन माशांच्या सुखदुःखाची चर्चा करावी, हा दांभिकपणा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, आणि शाकाहारी वाचकाने तो आपल्याला लागू नाही म्हणून सोडून देऊ नये. मला त्याचे उत्तर असे दिसते. अन्न म्हणून मारणे योग्य की अयोग्य हा एक प्रश्न आहे. शास्त्रांनी आणि लोकाचारांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. पाळणे हा दुसरा प्रश्न आहे. जो जीव आपण घरी आणतो, ज्याच्या अन्नाची, पाण्याची आणि प्रकाशाची वेळ आपल्या हाती असते, त्याच्याशी आपले नाते पालकाचे होते. समुद्रातला मासा आपल्याकडे काही मागत नाही. पेटीतला मासा तोंडाने काही मागत नसला तरी सर्वस्वी आपल्यावरच विसंबून असतो. जबाबदारी या विसंबण्यातून जन्मते. जो मासळी खातो तोही देवाच्या तळीतील माशाला गळ लावीत नाही. तेथे त्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही.

पाळण्याचा धर्म काय, हे आपल्या परंपरेतील एका कथेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात त्याच्या ओंजळीत एक लहानसा मासा आला आणि मोठ्या माशांपासून आपले रक्षण कर, असे त्याने मनूस विनविले. मनूने त्याला घागरीत ठेवले. घागर पुरेना तेव्हा त्याच्यासाठी खड्डा खणला. तोही पुरेना तेव्हा त्याला समुद्रात नेऊन सोडले. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा येते तेव्हा घागरीनंतर विहीर, मग गंगा, मग सागर असा क्रम आहे. मत्स्यावतार म्हणून आपण या कथेकडे पाहतो आणि प्रलयातील नौकेशी येऊन थांबतो. पण नौका नंतरची. मनूची परीक्षा झाली ती त्याआधीच. मासा वाढला की पात्र बदलावयाचे, हे त्याने दर वेळी केले. घागर सुंदर होती, तिच्यावर नक्षी होती, म्हणून माशाने तीत मावून राहावे, असे त्याच्या मनात आले नाही. पात्राने जीवाला माप द्यावयाचे नसते. जीवाने पात्राला द्यावयाचे असते.

आपण मात्र पुष्कळदा उलट करतो. पात्र तेवढेच ठेवतो आणि अपुरेपणा झाकण्यासाठी आत आरास वाढवितो. हे केवळ माशांच्या बाबतीत घडते असे नाही. काचकामासाठी जगप्रसिद्ध असलेल्या व्हेनिस गणराज्याने आगीच्या भयाने 1291 मध्ये सर्व भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. तेथील कारागिरांना मोठा मान होता. त्यांच्या मुलींना सरदार घराण्यांत विवाह करण्याची मुभा होती. परंतु विद्या बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना राज्य सोडून जाण्यास बंदी होती. ज्यांच्या श्वासातून जगाची शोभा निर्माण झाली, ते स्वतः एका शोभिवंत पेटीत राहत होते. मान खरा असतो, दागिना खरा असतो, आणि तरीही दार बंद असते. अलंकार आणि स्वातंत्र्य यांची अदलाबदल कोणी करू लागला म्हणजे सावध व्हावे, असे इतिहास सांगतो.

माशांपासून माणसांपर्यंत आलो, तेव्हा ज्या गावात या दोघांची घरे एकमेकांत मिसळली त्या गावाचा उल्लेख टाळता येत नाही. मध्य प्रदेशात, धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यात निसरपूर हे बाजारपेठेचे जुने गाव. जवळचे कोटेश्वर तीर्थ परिक्रमावासींना परिचित. धारला पवारांचे आणि इंदूर-महेश्वरला होळकरांचे राज्य असल्यामुळे या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. गुजरातमधील सरदार सरोवर धरणाची कोनशिला 5 एप्रिल 1961 रोजी बसली. 1979 मध्ये नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा आला आणि त्यात विस्थापित शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व होते. 17 सप्टेंबर 2017 रोजी धरण राष्ट्रास अर्पण झाले. सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला, आणि त्या पावसाळ्यात निसरपूरच्या गल्ल्यांत आणि घरांत पाणी शिरून वस्ती उठली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील 33 गावेही याच जलाशयाच्या बुडित क्षेत्रातली.

या धरणाच्या पाण्याने सौराष्ट्र आणि कच्छच्या तहानलेल्या प्रदेशांना पाणी मिळाले. ते पाणी पिणाऱ्या घरांना त्याचे मोल विचारावे. त्याचा न्यायनिवाडा या लेखाच्या कक्षेत येत नाही. मला दिसते ती एवढीच गोष्ट. ज्या ओसरीवर रांगोळी घातली जाई, ज्या कोनाड्यात दिवा लागे, ज्या दारावर तोरण बांधले जाई, त्यांच्यावरून आता मासे जातात. माशांसाठी आपण पेटीत काचेची घरे मांडतो. निसरपूरला माणसांची खरीखुरी घरे पाण्याच्या तळाशी मांडली गेली. आणि माशांचेही त्यात भले झाले असे नाही. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा. त्याला वाहते, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि प्रजननासाठी वाळूगोट्यांचा तळ लागतो. साचलेल्या खोल पाण्यात तो फार काळ टिकत नाही. म्हणजे पाणी वाढले आणि तरीही त्याचे घर गेले. विस्तार म्हणजे नेहमी मोकळीक नव्हे, हे मनूच्या कथेला जोडून वाचावयास हवे. त्या माशाला मनूने समुद्रात सोडले ते समुद्र मोठा होता एवढ्याचसाठी नव्हे, तो त्या माशाला मानवणारा होता म्हणून.

जलाशय वरून निळा आणि शांत दिसतो. काठावर उभे राहणाऱ्याला तो रमणीय वाटतो, आणि त्या वाटण्यात खोटे काही नाही. परंतु काठावरून दिसणारे सौंदर्य हे तळाशी काय आहे याचे उत्तर देत नाही. दिवाणखान्यातील पेटीचेही असेच. काचेच्या या बाजूस आरामखुर्ची असते, त्या बाजूस एका जिवाचे सगळे जग असते. माणसे मासे नव्हेत. निसरपूरच्या कुटुंबांना वाचा होती, ती बोलली, न्यायालयांपर्यंत गेली. तरीही दुसऱ्याने कोठे राहावे हे बाहेरून ठरविणाऱ्याची नजर दोन्ही ठिकाणी सारखीच असू शकते. आखीव भूखंड, सरळ रस्ता आणि दिव्याचा खांब दिले म्हणजे घर दिले, असे तिला वाटते. पेटीत चार काचेची पोवळी ठेवली म्हणजे समुद्र दिला, असे वाटणाऱ्याने आपली नजर तपासून पाहावी.

याच नर्मदेच्या काठी, निसरपूरच्या वरच्या अंगास महेश्वर आहे. 1767 ते 1795 या काळात तेथून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांविषयी माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 सालच्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की, त्यांची दया माणसांपुरती नव्हती; पशू, पक्षी आणि नदीतील मासे यांच्यासाठीही अन्नाचा वाटा ठरलेला असे. यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाईंनी मासे राजवाड्यात आणले नाहीत. अन्न नदीपाशी गेले. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर मोठमोठे मासे यात्रेकरूंच्या हातून पडलेले मुरमुरे खातात आणि त्यांना कोणी धरीत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे वरदायिनीच्या छायेत काळ नदीतील महाशीर असेच निर्भय आहेत; लोक त्यांना देवाचे मासे मानतात. गोव्यात देवळाच्या तळीच्या पायरीवर बसून मुलांनी माशांना लाह्या टाकणे हे आपल्यापैकी कित्येकांचे बालपण असेल. या सर्व ठिकाणी मासा पाहावयास मिळतो, आनंद मिळतो, मुलांना जीवसृष्टीचा परिचय होतो. आणि मासा कोणाच्या मालकीचा नसतो. त्याला दिलेला अलंकार एकच असतो, तो म्हणजे अभय.

तर मग घरातील काचपेट्या फोडून टाकाव्यात काय? तसे मला म्हणावयाचे नाही. शहरातील चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला तळी नाही, नदी नाही. सकाळी उठून एका जिवाला चिमूटभर अन्न घालण्याची सवय त्याच्या मनाला काही देऊन जाते. आजारी आणि वृद्ध माणसांची करमणूक त्या हलत्या रंगांनी होते, हेही खरे. पेटी मोठी असावी, मासे थोडे असावेत, पाणी वेळेवर बदललेले असावे. जंगली ओढ्यांतून ओरबाडून आणलेले मासे घेऊ नयेत. ज्याच्या प्रजातीला आता सह्याद्रीचेच नाव मिळाले आहे तो आपल्या पश्चिम घाटातला लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन मासा परदेशच्या पेट्यांसाठी इतका धरला गेला की आज तो धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. गॉसच्या खडकांतील डबक्यांची गोष्ट आपल्या ओढ्यांत पुन्हा घडू नये.

आणि काचेची नक्षी? ती अवश्य घ्यावी, परंतु दुकानात ती हाती धरताना एक प्रश्न स्वतःस विचारावा. दिवा मालवून, दार लावून घरातील सर्व मंडळी गावी गेली, पाहणारे कोणी उरले नाही, तर ही वस्तू या पेटीत असावी काय? तिच्या आडोशाला भित्रा मासा विसावणार असेल, तिच्या सावलीत प्रखर प्रकाशापासून त्याचा बचाव होणार असेल, तिच्या कडा कारागिराने मनापासून गोल केल्या असतील आणि तिच्या पोकळीतून आत-बाहेर जाण्यास प्रशस्त वाट असेल, तर ती पाहणाऱ्यावाचूनही सार्थ आहे. ती अलंकार आहे आणि सेवाही आहे. उत्तर नकारार्थी आले तर ती वस्तू दिवाणखान्याच्या कपाटात ठेवावी. तेथेही ती तितकीच सुंदर दिसेल, कारागिराचा मान तेथेही राहील, आणि त्या शोभेचे मोल दुसऱ्या कोणाला आपल्या जागेतून चुकवावे लागणार नाही.

गाभाऱ्यातील पडदा आपल्याला हेच शिकवितो. तो ओढलेला असताना जे काही मनापासून केले जाते, तेवढीच सेवा असते. पडदा सरल्यावर आपल्या वाट्यास येते ते दर्शन, आणि ते पुरेसे असते.